काडतूस नाही, छर्रा: घरी नेमबाजीचा सराव सुरू करताना

रायफलची काडतुसं घरी भरता येतात का, हा प्रश्न घेऊन मी या खेळात शिरलो. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफलने गोळ्या झाडल्या होत्या. मग नोकरी, संसार, आणि ते सगळं मागे पडलं. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं आणि ती ओढ पुन्हा जागी झाली. त्याच सुमारास बाहेरच्या देशांतल्या नेमबाजांचे व्हिडिओ पाहत होतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी केस जपून ठेवायची, तिच्यात नवं प्राइमर (दारू पेटवणारी ठिणगीची टोपी), मोजून बंदुकीची दारू आणि नवी गोळी बसवायची, म्हणजे प्रत्येक काडतूस अगदी दुसऱ्यासारखं होतं. मला भुरळ पडली ती त्या काटेकोरपणाची.

आमच्या शेजारचे काका नागपूरजवळच्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून (दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातून) निवृत्त झालेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हे घरी कराचं काम नाही रे बाबू. आधी कायदा वाच, मग माझ्याकडे ये." मी वाचला. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. आणि त्या कायद्यात 'दारूगोळा' म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्यातच येतात. परदेशातला माणूस गॅरेजमध्ये टेबलाला बसवतो तो हातदाबाचा प्रेससुद्धा आपल्याकडे साधं अवजार ठरत नाही. विनापरवाना दारूगोळा बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. शिवाय दारूला १८८४ चा स्फोटक कायदा लागू होतो, आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचं मुख्यालय तर आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. दारूचं काम काय असतं हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झालेल्या स्फोटात कामगार गेले, आणि तिथे तर रोजचं काम हेच. बेडरूमशेजारच्या खोलीत असलं काही आणायचं नाही, हे मी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

पुन्हा काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. "तुला बारकाईच पायजे ना? मग छर्रा घे. त्यात दारू नाही, पण बारकाई तेवढीच."

हा छर्रा एअर रायफलचा, ती दारूऐवजी दाबलेल्या हवेने तो उडवते. दहा मीटर एअर रायफल हा ऑलिंपिकचा प्रकार. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं ते यातच. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. हिशेब केला तर ऊर्जा साडेसात ज्यूलच्या जवळपास येते, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ या कंपन्यांची नवी रायफल घ्यायची तर किंमत दोन लाखांच्या पुढे जाते. मी खेळ सोडलेल्या एका मुलाची जुनी घेतली. जुनी घेताना बॅरलच्या आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. उत्पादकाने दिलेली मुदत, बहुतेक दहा वर्षांची, संपली असेल तर तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तो सांभाळणं ही खेळाडूचीच जबाबदारी असते. दोनशे बार दाबाची वस्तू आपण गालाशी धरणार आहोत, हे विसरायचं नाही.

घरात दहा मीटर कुठून आणायचे? आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे, समोरच्या ओसरीपासून मागच्या न्हाणीपर्यंत सरळ बोळ. नेमबाजाच्या पायापाशी रेषा आणि तिथून लक्ष्य बरोबर दहा मीटरवर. मागे उभं राहायला जागा धरून बारा मीटर तरी लागतात. लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून १.४ मीटर उंच. त्यावर वेगळा दिवा हवा, स्पर्धेत किमान १५०० लक्स उजेड मागतात. लक्ष्यामागे लोहाराकडून वाकवून घेतलेली पोलादी पेटी लावली. तिच्या आतला पत्रा तिरका आहे, म्हणजे छर्रा आदळून खाली पडतो, परत येत नाही. बोळात उघडणाऱ्या दोन्ही दारांना आतून कडी, आणि कडी लागल्याशिवाय रायफल हातात घ्यायची नाही. हा नियम घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. शेजाऱ्यांनाही आधी बोलावून दाखवलं. नाहीतर भिंतीपलीकडून टकटक ऐकून कोणालाही शंका येईल.

आता छर्रे. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण नवीन माणूस रायफलवर सगळा पैसा घालतो आणि छर्रे दुकानात असतील ते उचलतो.

स्पर्धेचा छर्रा कमरेत बारीक आणि तोंडाला सपाट असतो. सपाट तोंडामुळे कागदात भोक स्वच्छ पडतं आणि गुण नीट मोजता येतात. पाचशे छर्ऱ्यांच्या डबीवर तीन गोष्टी बघायच्या: वजन, डोक्याचा व्यास आणि लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा, नंबर. ०.५३ ग्रॅम रायफलसाठी, ०.४५ च्या आसपासचा हलका छर्रा पिस्तुलासाठी. डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५० असा शंभरांशाने बदलतो. एवढ्याशा फरकाने काय होतं, हे कळायला लक्ष्याचं गणित समजून घ्यावं लागतं. दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. १०.९ हवे असतील तर पाव मिलिमीटरच्या आत. माणूस उभ्याने नेम धरतो तेव्हा हात त्याहून जास्त हलतो. त्यात छर्राच मिलिमीटरभर इकडेतिकडे जाणारा असेल, तर चूक हाताची की छर्ऱ्याची हे कधीच कळत नाही.

म्हणून हात बाजूला काढायचा आणि रायफल शिकंज्यात धरायची. बॅरल कधीच आवळायचं नाही, धरायची ती बॉडी, तीही जाड चामड्याच्या पट्ट्या मध्ये घालून. शिकंजा जड टेबलाला बोल्टने बसवला, टेबलावर वाळूची पोती ठेवली. एका लॉटचे दहा छर्रे एकाच कागदावर झाडायचे, भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं, मग दुसरा लॉट. सगळ्या लॉटना हवेचा दाब त्याच पट्ट्यात ठेवायचा. दहाही छर्रे एकाच भोकातून गेले तर ते भोक साडेचार मिलिमीटरचंच राहील. साडेपाचच्या आत राहिलं तर लॉट चांगला, असं मी धरतो.

काट्यासाठी इतवारीत सराफा बाजारात गेलो. सोनं तोलायचा, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा तिथे मिळतो. एकेक छर्रा तोलून वजनाप्रमाणे वेगळ्या डब्या केल्या, कारण काडतुसं भरणारे असंच करतात हे डोक्यात होतं. चांगल्या डबीतले छर्रे तोलून आणि न तोलता झाडले, ग्रुपमध्ये, म्हणजे भोकांच्या झुबक्यात, मला फरक दिसला नाही. व्यास आणि लॉट बदलल्यावर मात्र लगेच दिसला. माझ्या बॅरलला ४.४९ चा एक लॉट इतका मानवला की त्याच कंपनीच्या, त्याच व्यासाच्या दुसऱ्या लॉटचा ग्रुप त्याच्या शेजारी ठेवल्यावर वेगळ्याच रायफलचा वाटावा. दुसऱ्याच्या रायफलला चाललेला छर्रा आपल्या रायफलला चालेलच असं नाही, म्हणून कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी स्वतःच्या बॅरलवर झाडून बघा. काटा आता एवढ्याचसाठी वापरतो की डबीत एखादा फारच हलका निघाला तर तो बाजूला काढावा. जमिनीवर पडलेला छर्रा परत वापरत नाही. त्याची मागची कड पातळ असते, दिसणार नाही इतकी दबते आणि तो तिरका जातो.

छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे हात धुण्याबद्दल मी कडक आहे. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, मधे काही खायचं नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) मळणाऱ्यांनी तर हे लिहून ठेवावं: शिशाच्या हाताने खर्रा मळला की शिसं थेट पोटात जातं. पेटीजवळचा भाग कोरडा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि ते फडकं वेगळं ठेवायचं. लहान मुलांना त्या कोपऱ्यात येऊ द्यायचं नाही.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. पंचवीस अंशांना दोनशे बार भरलेला सिलिंडर पंचेचाळीस अंशांना गेला की दाब दोनशे तेराच्या आसपास जातो. बंद गाडीत तापमान त्याहून कितीतरी वर जातं. म्हणून मे महिन्यात रायफल गाडीत ठेवून कामाला जायचं नाही, आणि सिलिंडर काठोकाठ भरायचा नाही. दुपारी नेमबाजीचं जाड जॅकेट अंगात घालवत नाही, सराव पहाटेच उरकतो. कूलर चालू असेल तर तो आधी बंद करतो. त्याची ओली हवा बोळभर फिरते आणि बॅरलच्या पोलादाला गंज धरू शकतो, म्हणून रायफल कूलरच्या खोलीत ठेवत नाही. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेत ओलावा जातो; मी कोरडी हवा भरून देणाऱ्याकडून भरून आणतो.

बाकी सराव म्हणजे बहुतेक वेळ रिकाम्या रायफलने नेम धरणं आणि ट्रिगर दाबणं. स्पर्धेत साठ शॉट, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर पंचाहत्तर मिनिटांत, कमाल गुण ६५४. तिथपर्यंत उभं राहायची ताकद छर्रा न झाडताच येते. ज्याच्याकडे बोळ नाही त्याने रिकाम्या रायफलच्या या सरावासाठी भिंतीवर छोटं लक्ष्य लावून दोन मीटरवर उभं राहिलं तरी चालतं.

शिकंजा मात्र सगळ्यांनी मिळून विकत घ्यावा असं मला वाटतं. आमच्या ओळखीतले काही जण आता रायफल घेऊन घरी येतात, ज्याचं बॅरल त्याने तपासायचं, आणि ज्या लॉटवर दोघातिघांचं जमतं त्याच नंबरच्या डब्या एकत्र मागवायच्या. दुकानदाराला नंबर आधी सांगावा लागतो. डब्या आल्या की झाकण उघडण्याआधी नंबर जुळवून बघायचा, जुळला नाही तर तशाच परत करायच्या.