एम.ए. मानसशास्त्राच्या अर्जाआधी

"लहानपणापासून लोकांचे मन वाचण्याची आवड होती, हे अर्जात लिहू नकोस, निम्मे अर्जदार तेच लिहितात," असे सांगून मॅडमनी माझ्या उद्देशपत्राच्या (हा विषय का शिकायचा हे सांगणाऱ्या, अर्जासोबतच्या पत्राच्या) पहिल्या परिच्छेदावर तांबड्या शाईने आडवी रेघ मारली, तेव्हा मला राग आला होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरील अभ्यासिकेत बसून त्या जागी मी पदवीच्या प्रकल्पाविषयी लिहिले: 40 विद्यार्थ्यांकडून झोप आणि परीक्षेची चिंता यांबद्दल प्रश्नावली भरून घेतली, सहसंबंध (दोन गोष्टी किती प्रमाणात एकत्र बदलतात हे दाखवणारा आकडा) काढला, आणि सहसंबंधावरून कारण सिद्ध होत नाही हे मला तोंडी परीक्षेत फजिती झाल्यावरच नीट कळले. हा मसुदा मॅडमनी न खोडता परत दिला.

सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत माझा सर्वाधिक वेळ संख्याशास्त्र खाते. बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला 1 गुण वजा असल्यामुळे, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत) आणि प्रमाण त्रुटी (नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती हटू शकते) यांत गल्लत करणाऱ्या माझ्यासारखीला अंदाजाने उत्तर देणे महागात पडते. वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1879 मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, एवढे पाठ असून भागत नाही.

नुसत्या एम.ए.वर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (मानसिक आजारांचे निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) म्हणून काम करता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले पुढील प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, हे मी आईला ती पोळ्या लाटत असताना समजावले. "म्हणजे अजून किती वर्षे?" एवढेच ती म्हणाली. पुण्याचा अर्ज शनिवारी भरायचा आहे. गुणपत्रकाची स्कॅन प्रत मात्र अजून तिरकीच येते.