डब्यातले आणि डब्याबाहेरचे

श्रावणी सोमवार, रात्री

घरात सगळ्यांचा उपवास, म्हणजे गांडुळांची चंगळ. केळ्याची सालं, पपईच्या बिया, रताळ्याची टोकं. ती गांडूळखताच्या डब्यात घालायला मागच्या गॅलरीत गेले, झाकण उचललं आणि चिलटांचा लोट तोंडावर आला. तोंड मिटलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर उपवास मोडला असता.

चिलटं पांगल्यावर खाली बघते तर झाकणाच्या आतून कडेकडेनं तांबूस ठिपके चाललेत. राजगिऱ्याचा दाणा त्यांच्यापुढे मोठा वाटेल एवढे. ओला पुठ्ठा उचलला तर त्याखालून पांढरं बारीक काहीतरी टणाटण उडालं. सासूबाई मागे येऊन उभ्याच होत्या. "गोचिडी झाल्यात बघ. आत्ताच्या आत्ता खाली नेऊन टाक." पाऊस सुरू झाल्यापासून त्यांचा या डब्यावर डोळा आहे, आज त्यांना पुरावा मिळाला.

कपाटातला झुरळांचा स्प्रे घेऊन त्या आल्या तेव्हा मात्र मी आडवी उभी राहिले. त्या फवाऱ्यानं किडे मरतीलही, पण आधी गांडुळं जातील. गांडुळाला फुप्फुस नाही, ते ओल्या कातडीनं श्वास घेतं. कातडीवर जे पडेल ते थेट आत.

मंगळवार

सकाळी अण्णा पेपर वाचायचं भिंग घेऊन गॅलरीत स्टूल टाकून बसले. सासरे पाटण तालुक्यातले. मार्केट मशीद बंदरहून वाशीला आलं तेव्हा त्याच्यासोबत इकडे आले, आणि पुढची सगळी नोकरी कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी घेऊन काढली. सडक्या मालाचा वास आणि त्यावरचे किडे त्यांना नवे नाहीत. गावाकडच्या उकिरड्याचा अनुभव त्याआधीचा.

मी एक ठिपका पांढऱ्या बशीत घेतला. अण्णांनी बराच वेळ भिंगाखाली धरला.

"आठ पाय हायत. ह्यो किडा न्हवं, कोळ्याच्या जातीचा हाय."

"मग गोचीडच की," आतून सासूबाई.

"अगं, गोचीड रक्तावर जगती. म्हशीच्या कानात बघितल्यात मी, वाटाण्याएवढ्या फुगत्यात. ह्यो कुजलेलं खातोय. उकिरड्यात ढिगानं असत्यात."

अण्णा म्हणाले ते बरोबरच आहे. हे माइट. गोचिडीच्या नात्यातले खरे, पण हे ओलं, आंबलेलं अन्न आणि बुरशी खातात, आपल्याला चावत नाहीत. निरोगी गांडुळाच्याही वाटेला जात नाहीत. मेलेल्या गांडुळावर जमलेले दिसतात आणि लोकांना वाटतं यांनीच मारलं.

मग उड्या मारणारा बशीत घ्यायचा खेळ. घेतला की गायब. शेवटी बशीत थोडं पाणी घातलं, तर त्यावर आला आणि चक्क तरंगत राहिला, भिजेचना. पाय सहा, पंख नाहीत. पोटाखाली एक शेपूट दुमडून अडकवलेली असते, ती सुटली की खाली आपटते आणि हा वर उडतो. स्प्रिंगटेल म्हणतात याला. बुरशी खातो. अण्णांनी त्याला बशीतून परत डब्यात झटकला, "जा बाबा, कामाला लाग."

तळाशी पांढरे दोऱ्यासारखे जीव वळवळत होते. मुलगा म्हणाला, पिल्लं झाली. पिल्लं नव्हेत ती. गांडुळाच्या पिल्लाच्या पारदर्शक अंगातून लाल रक्ताची रेघ दिसते, हे मात्र पार पांढरे. गांडुळाचेच दूरचे भाऊबंद. डबा आंबट आणि ओला झाला की यांची संख्या वाढते. खरी पिल्लं निघतात त्या पिवळट कोशातून, तांदळाच्या दाण्याहून लहान, दोन्हीकडून निमुळता. तसे दोन-तीन कोश अण्णांना दाखवले, तर त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनीच बघत बसले.

मंगळवार, दुपारी

माझं ठरलंय. डब्यात राहणारे आणि डब्याबाहेर येणारे असे दोन भाग. माइट, स्प्रिंगटेल, पांढरे दोरे हे डब्याचं अंतर्गत प्रकरण. ते वाढले म्हणजे आत ओल जास्त झालीय एवढंच मी त्यातून घेते. चिलटं स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंच्या नैवेद्याच्या दुधावर बसतात, ते घरचं प्रकरण. त्यांचा बंदोबस्त करायला हवा, आणि तोही सासूबाईंच्या वेगानं.

ओल आधी. मूठभर माल घेऊन पिळला की थेंब-दोन थेंब पडले तर ठीक. आज धारच लागली. बाहेर कोपरखैरण्यात चार दिवस सूर्य नाही, कपड्यांना कुबट वास, मीठ पाझरतंय, तिथे डबा कसा कोरडा राहणार? त्यात पपई म्हणजे निव्वळ पाणी. पाणी साचलं की आत हवा राहत नाही, माल आंबतो, मग माइटना सुगीचे दिवस.

ऑनलाइन सामानाचे खोके जपून ठेवलेत, त्यांचे हातानं तुकडे केले आणि भरपूर मिसळले. चिकटपट्टी तेवढी सोलून काढायची. वर कोरड्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा थर. आंबटपणावर अंड्याच्या कवचांची पूड. श्रावणात आमच्याकडे अंडं येत नाही, पण आषाढातली कवचं धुऊन, वाळवून बरणीत ठेवलेली आहेत. दळायला मिक्सरचं जुनं तडा गेलेलं भांडं, चांगल्याला हात लावायची परवानगी नाही. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते सावकाश आम्ल मारतं. शेजारच्या काकूंनी पानाचा चुना टाका म्हणून सुचवलं, तो नको. तो इतका तिखट की गांडुळांची कातडी भाजेल.

माइट फारच दिसत होते म्हणून रात्री कलिंगडाची एक फोड लाल बाजू खाली करून ठेवणार आहे. सकाळी उचलायची, ठिपक्यांनी भरलेली असते, नळाखाली धुवायची.

शुक्रवार

फोडीवर माइट इतके जमले की लाल गर दिसेना. धुतली, पुन्हा ठेवली. झाकणावरचे ठिपके निम्म्यावर आले. त्यांना पूर्ण हटवायची मला काही हौस नाही.

चिलटांचं काम जास्त चिवट. वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. व्हिनेगरच्या वासानं येतात, साबणानं पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण मोडतो आणि बुडतात. वाटी रोज काळी होते. पण हे आलेल्यांचं झालं, येणाऱ्यांचं काय? एक मादी शेकडो अंडी घालते आणि आपल्याकडच्या हवेत दहाएक दिवसांत अंड्याचं चिलट तयार. ही अंडी बऱ्याचदा बाजारातून केळ्याच्या सालीवर बसूनच घरात येतात. तेव्हा सालं डब्यात टाकण्याआधी फ्रीजरमध्ये ठेवायची. अंडी मरतात, आणि गोठून वितळलेली साल मऊ पडते, गांडुळं लवकर संपवतात.

"फ्रीजरमध्ये कचरा?" सासूबाईंनी देवघरातूनच विचारलं.

"श्रावण आहे, मासळीचा कप्पा रिकामाच आहे ना," मी म्हटलं. त्यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "नारळी पौर्णिमेपर्यंत. त्यानंतर बोंबील येणार." आमच्यात तह झाला. झाकणाचा डबा, वर मार्करनं मोठ्या अक्षरात 'गांडुळं', म्हणजे कोणी चुकून थालीपीठाला घेणार नाही.

आता सालं वर पसरत नाही. एक कोपरा उकरून पुरते, वर वर्तमानपत्राची घडी. मोसंबीची सालं बंद, ती अजून ओल्या कचऱ्याच्या गाडीतून तुर्भ्याला जातात.

रविवार

डबा वॉशिंग मशीनपासून लांब सरकवला. कपडे पिळायला लागले की गांडुळं भराभर खाली जात होती. चार्ल्स डार्विननं गांडुळांच्या कुंड्या घरात ठेवल्या होत्या. शिट्टी वाजवली, मुलानं बसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवलं, गांडुळं ढिम्म. कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र ती बिळात पळाली. आवाज कळत नाही, थरथर कळते. 1881 साली हे त्यानं लिहून ठेवलंय. आमचा पियानो सात किलोचा, फ्रंट लोड.

चिलटं आता चार-पाच. सासूबाईंनी स्वतःच वाटी बदलली, मला न सांगता.

संध्याकाळी शेजारच्या काकू तुळशीसाठी खत मागायला आल्या. म्हणाल्या, "पण किडे काढून दे बाई." म्हटलं, गांडुळं निवडून देते, उड्या मारणारे येतील थोडे, मातीत गेले की बुरशी खात राहतील, तुळशीला काही करत नाहीत. काकूंनी पिशवी पुढे केली, मग मागे घेतली. "बघू, ऊन पडल्यावर दे." तळाचा एक थर बाजूला काढून ठेवलाय. ऊन पडलं की गच्चीवर पसरून चाळायचा, चाळण अण्णा करून देणार आहेत, मार्केटातल्या जुन्या जाळीची.