तुम्ही विचारलंत म्हणून: सेंटर फिल्टर खरंच लागतो का?

चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा कॅमेरा नव्याने हाती घेणारे जवळजवळ सगळेच मला विचारतात की, वाइड-अँगल लेन्सने काळवंडणाऱ्या कोपऱ्यांसाठी सेंटर फिल्टर, म्हणजे मध्यभागी राखाडी असलेली काच, लावलाच पाहिजे का, की स्कॅन केल्यावर कोपरे उजळून भागते? फिल्मपर्यंत जो प्रकाश पोहोचलाच नाही तो नंतर आणता येत नाही, असे मी त्यांना सांगते. मात्र तो किती कमी पडणार आहे याचा हिशेब आधी करावा आणि मगच फिल्टर घ्यावा.

कोपऱ्यांतल्या प्रकाशाची ही घट भूमितीतून येते, त्यामुळे कितीही उत्तम लेन्स घेतली तरी ती पूर्णपणे टळत नाही. कोपऱ्याकडे जाणारा तिरका किरण जास्त अंतर कापतो, फिल्मवर तिरपा पडून पसरतो, शिवाय त्या कोनातून अ‍ॅपर्चरचे गोल छिद्रही लंबगोल होते. या सगळ्यामुळे प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने उतरत जातो. चार बाय पाचवर ९० मिमीच्या लेन्सचा कोपरा लेन्सच्या अक्षापासून सुमारे ४० अंशांवर येतो आणि तेथे मध्याच्या एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणजे दीड स्टॉप कमी पडतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). ६५ मिमीला तोच कोन ५० अंशांच्या घरात जातो आणि घट अडीच स्टॉपवर पोहोचते. सुपर-अँग्युलॉन किंवा ग्रँडागॉन अशा लेन्समध्ये बाहेरची मोठी भिंगे तिरक्या किरणांसाठी छिद्र मोठे करून दाखवतात, म्हणून प्रत्यक्ष घट तिसऱ्या घाताच्या जवळपास राहते. तरीही ६५ मिमीला दोनेक स्टॉप उरतातच.

सेंटर फिल्टर मध्यभागी राखाडी असतो आणि काठाकडे विरळ होत स्वच्छ काचेला मिळतो. तो कोपऱ्यांना काही देत नाही, मध्यभागाचा प्रकाश अडवतो, म्हणून एक्सपोजर साधारण दीड स्टॉपने वाढवावे लागते. लेन्स पूर्ण उघडी असताना प्रत्येक किरणशलाका फिल्टरचा मोठा भाग व्यापते आणि मध्य व काठ यांतला फरक पुसट होतो. एफ/१६ किंवा एफ/२२ अशा लहान छिद्राला मात्र तो नेमके काम करतो. १९०० साली आलेल्या गोएर्झ कंपनीच्या हायपरगॉन या वाइड-अँगल लेन्समध्ये हेच काम लेन्ससमोर हवेच्या झोताने फिरणारे चांदणीच्या आकाराचे चाक करत असे, आणि त्या कल्पनेचे मला आजही कौतुक वाटते.

फिल्टरची खरी गरज मला एका स्लाइडने, म्हणजे थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या फिल्मने, पटवली. एका उंच इमारतीसाठी मी फिल्म जागेवर ठेवून ९० मिमीची लेन्स २५ मिमी वर सरकवली होती आणि फिल्टर लावला नव्हता. लाइट बॉक्सवर पाहिले तर खालचे कोपरे ठीक होते, पण आकाश मध्ये निळे आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत शाईसारखे दाट झाले होते. कारण घट फिल्मच्या मध्यापासून मोजली जात नाही, लेन्सच्या अक्षापासून मोजली जाते. अक्ष सरकल्यावर त्याच चौथ्या घाताच्या नियमाने आकाशाच्या कोपऱ्यांना दोन स्टॉप आणि जमिनीच्या कोपऱ्यांना जेमतेम सव्वा स्टॉप कमी पडतो. फिल्टर लेन्सबरोबरच सरकतो, म्हणून तो अशा वेळीही बरोबर बसतो. स्कॅनमध्ये ते कोपरे मी उजळून पाहिले, पण निळ्याच्या जागी दाणेदार, मळकट जांभळा रंग वर आला.

याउलट निगेटिव्ह फिल्म असेल, ९० मिमीची लेन्स सरकवलेली नसेल आणि कोपऱ्यांत झाडी किंवा सामान असेल, तर मी फिल्टर पिशवीबाहेर काढतही नाही. निगेटिव्हला तेवढी घट सहज पेलते आणि प्रिंट करताना कोपऱ्यांना थोडा कमी प्रकाश दिला की पुरते. सपाट आकाश किंवा कोरी भिंत आणि स्लाइड फिल्म एकत्र आली, की मात्र तडजोड करत नाही.

ग्राउंड ग्लासवरचे, म्हणजे चौकट पाहण्याच्या कॅमेऱ्यामागच्या धुरकट काचेवरचे, काळे कोपरे पाहून निर्णय घेऊ नका. तेथील अंधार बराचसा काच आपण सरळ समोरून पाहतो म्हणून दिसतो; डोके कोपऱ्यातून येणाऱ्या किरणांच्या रेषेत नेले की तोच कोपरा उजळतो. चौकट आणि फोकस मी फिल्टर न लावताच ठरवते, मग तो चढवते, एफ/२२ वर येते आणि दीड स्टॉप धरून शटरची वेळ लावते.