दहा तासांची एकच फाइल

दहा तासांचं पुस्तक एकाच एमपीथ्री फाइलमध्ये आलं, तर डोळस माणसाचं फारसं अडत नाही. पडद्यावरच्या पट्टीवर अंगठा ठेवायचा, हवा तिथवर सरकवायचा, पुढे गेलं तर थोडं मागे घ्यायचं. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, चालू असलेल्या फोनवर हे असं होत नाही. पट्टीवर बोट नेलं की किती टक्के झालं ते टॉकबॅक सांगतो, आणि आवाजाचं बटण दाबलं की बहुतेक ॲपमध्ये पट्टी एकदम पाच टक्के सरकते. दहा तासांचे पाच टक्के म्हणजे अर्धा तास. काल रात्री जिथे झोप लागली ती जागा त्या अर्ध्या तासात कुठेतरी असते. तिथवर पोचायला मग तीस सेकंद मागेपुढे नेणारं बटण उरतं, आणि अर्धा तास ओलांडायला ते साठ वेळा दाबावं लागतं.

म्हणून मी फाइली कापते, त्यांना नावं देते, आकार कमी करते, आवाज सारखा करते आणि मगच पुस्तक फोनमध्ये टाकते. आधी फक्त स्वतःसाठी करायचे, आता ओळखीतल्या बऱ्याच जणांसाठी करते. पुस्तक कुणीतरी वाचून रेकॉर्ड केलं म्हणजे ते आमच्या हाती आलं, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. माझ्या मते त्यानंतरचं काम तितकंच महत्त्वाचं आहे. ते कुणी केलं नाही, तर वाचणाऱ्यानं घेतलेले कष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

मी जन्मापासून पाहू शकत नाही. माझ्या शाळेच्या वर्षांत बोलकी पुस्तकं कॅसेटवर असायची. अंधांसाठीच्या साहित्याला टपालखर्च पडत नाही, त्यामुळे पुडकं पोस्टानं घरी यायचं. नव्वद मिनिटांची कॅसेट, पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू, वर ब्रेलमध्ये चिकटवलेला क्रमांक. जाड कादंबरी म्हणजे कॅसेटचा ढीगच. पण त्या कॅसेटमध्ये एक फार मोठा गुण होता. बटण बंद केलं की फीत तिथेच थांबायची, आणि आठवड्यानं लावली तरी त्याच वाक्यापासून पुढे सुरू व्हायची. खूण ठेवायला दुसरं काही लागत नव्हतं. एमपीथ्री आल्यावर तो ढीग गेला, आणि त्याच्याबरोबर ती थांबलेली जागाही गेली.

ही अडचण ओळखूनच डेझी हा बोलक्या पुस्तकांचा प्रकार तयार झाला. १९९६ साली वेगवेगळ्या देशांतल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन डेझी कन्सॉर्शियम स्थापन केलं. डेझी पुस्तक म्हणजे एक फोल्डर असतं. आत एमपीथ्री असतात, कुठलं शीर्षक कुठल्या फाइलमध्ये कितव्या सेकंदाला सुरू होतं ते लिहिलेल्या एसएमआयएल नावाच्या लहान फाइली असतात, आणि २.०२ या आवृत्तीत एनसीसी डॉट एचटीएमएल नावाची एक फाइल असते. भाग, प्रकरणं, उपशीर्षकं, पानांचे क्रमांक, सगळं या शेवटच्या फाइलमध्ये असतं. आपल्याकडे २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तकं मिळतात. ती वाचणारी ॲपही आहेत. मी स्वतः ईझीरीडर वापरते आणि ज्यांचा हात फोनवर बसला आहे त्यांनी तेच करावं, रूपांतराच्या फंदात पडू नये.

पण सगळ्यांचा हात बसलेला नसतो. माहीमला एक सर राहतात. पंचाहत्तरी ओलांडली आहे, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आणि काचबिंदूनं गेल्या काही वर्षांत नजर गेली. मुलानं फोन आणून दिला, टॉकबॅक चालू करून दिला. उजवीकडे बोट फिरवलं की पुढचं, दोनदा टॅप केलं की उघडतं, दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की ऐकणं थांबतं किंवा सुरू होतं, एवढं त्यांना पक्कं जमतं. "अगं, मला लायब्ररी, लॉगिन, डाउनलोड यातलं काही सांगू नकोस," ते म्हणाले. "मला फक्त पुस्तक लागावं आणि पुढचं प्रकरण सापडावं." मागणी अगदी रास्त आहे. त्यांच्यासाठी मी पुस्तकाचं साधं फोल्डर करून देते, आत प्रकरणागणिक एक फाइल. फोनमध्ये स्मार्ट ऑडिओबुक प्लेअर घातला आहे. तो फोल्डरलाच एक पुस्तक मानतो, फाइली क्रमानं वाजवतो आणि थांबलेली जागा लक्षात ठेवतो. कॅसेटचा तो गुण इथे परत मिळतो.

हे काम मी लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून करते. पुस्तक डेझीत असेल तर निम्मी मेहनत वाचते, कारण एनसीसीची ती फाइल म्हणजे साधं वेबपेज आहे. ब्राउझरमध्ये उघडायची आणि एच दाबत जायचं, एकेक शीर्षक ऐकू येतं. १ हा आकडा दाबला तर फक्त मोठी शीर्षकं, २ दाबला तर त्याखालची. पाच मिनिटांत पुस्तकाचा सांगाडा डोक्यात बसतो. बऱ्याच डेझी पुस्तकांत प्रत्येक शीर्षकाची एमपीथ्री वेगळीच असते, म्हणजे कापायचंही काम नसतं. फक्त नावं बदलायची.

आणि या नावांचाच मला सगळ्यात आग्रह आहे. डोळस मंडळी फाइलला नाव देतात ते असं: आधी पुस्तकाचं पूर्ण नाव, मग लेखकाचं, मग अंडरस्कोअर, मग प्रकरण, मग क्रमांक. पडद्यावर ते सुबक दिसत असेल. टॉकबॅक मात्र प्रत्येक फाइलवर तेच पुस्तक आणि तोच लेखक पुन्हा पहिल्यापासून वाचतो, आणि जे ऐकायचं असतं तो आकडा सगळ्यात शेवटी येतो. चाळीस प्रकरणांचं पुस्तक असेल तर अठ्ठाविसावं प्रकरण शोधताना माणूस कंटाळून फोन ठेवून देतो. वेगळेपण जिथे आहे ते आधी यायला हवं. त्यामुळे माझ्या फाइलीचं नाव क्रमांकानं सुरू होतं आणि पुढे प्रकरणाचे दोन-तीन शब्द. पुस्तकाचं नाव फोल्डरला एकदा दिलं की पुरे. क्रमांक नेहमी दोन आकडी, शून्य एक, शून्य दोन असा. नाहीतर काही प्लेअर एकनंतर दहा वाजवतात, मग अकरा, आणि दोन पार मागे जातो. कादंबरीत असं झालं की ऐकणाऱ्याला वाटतं लेखकानंच काळ उलटसुलट केला आहे.

नाव देवनागरीत द्यावं की नाही, हे फोन पाहून ठरवते. सरांच्या फोनमध्ये मराठी आवाज बसवलेला आहे, त्यांना देवनागरीच हवं. ज्यांच्या फोनमध्ये फक्त इंग्रजी आवाज आहे त्यांना देवनागरी नाव ऐकूच येत नाही, तिथे नुसते आकडे ठेवते. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. पुष्कळ प्लेअर फाइलचं नाव वाचतच नाहीत, फाइलच्या आत लिहिलेला टॅग वाचतात. बाहेर "०७ परतीचा प्रवास" लिहिलं आणि आत "ट्रॅक ३" राहिलं, तर टॉकबॅक "ट्रॅक ३" म्हणणार. नाव बदललं की टॅगही बदलायचा.

रूपांतरासाठी मी एफएफएमपेग हा प्रोग्रॅम वापरते. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटर मारायचं. अनेकांना ते भीतिदायक वाटतं. मला मात्र कुठल्याही सुंदर दिसणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा ते जवळचं वाटतं, कारण तिथे नाव नसलेलं बटण असूच शकत नाही. जे आहे ते सगळं मजकूर आहे, आणि मजकूर एनव्हीडीए वाचतो. एकदा जमलेली आज्ञा नोटपॅडमध्ये ठेवली की पुढच्या पुस्तकाला फक्त फोल्डरचं नाव बदलायचं.

आकाराचं गणित सोपं आहे. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट बिटरेट असलेल्या, फाइलीला तासाला ५७.६ एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचं पुस्तक ५७६ एमबी. एका माणसाच्या आवाजाला स्टिरिओची गरज नसते. मोनो करून ४८ केबीपीएसवर आणलं की तेच पुस्तक २१६ एमबीत बसतं. ज्यांचा फोन साधा आहे आणि मेमरी नातवंडांच्या व्हिडिओंनी भरलेली आहे, त्यांना हा फरक फार मोठा.

याहून खाली मात्र मी जात नाही, आणि कुणी जाऊ नये असं मला वाटतं. कारण आमच्यातले बरेच जण दीडपट, दुप्पट वेगानं ऐकतात. त्या वेगात शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून. स आणि श यांचा आवाज वरच्या पट्टीत असतो, आणि फाइल फार दाबली की आधी तोच भाग फाटतो किंवा नाहीसा होतो. सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते, ८००० वर आणला तर चार हजार हर्ट्‌झच्या वरचं काहीच उरत नाही, आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो. मी २२०५० ठेवते. शिवाय बिटरेट कायम एकसारखा, म्हणजे सीबीआर. बदलत्या बिटरेटच्या काही फाइलींमध्ये प्लेअरचा वेळेचा अंदाज चुकतो आणि खूण केलेल्या जागेवर गेलं की दुसरंच वाक्य सुरू होतं.

आवाज सारखा करणं हे माझ्या मते मुंबईकरांसाठी तरी अनिवार्य आहे. मी मुलुंडहून सीएसएमटीला जाते, दिव्यांगांच्या डब्यातून. फलाटावर त्या डब्याच्या जागी बीप वाजत असतो, तो ऐकून उभी राहते. गाडीत चढल्यावर पंखे, दारातला वारा, कुर्ल्याची गर्दी, भजनाची झांज, समोरून धडधडत जाणारी फास्ट. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा, कारण स्टेशनच्या घोषणा आणि शेजारचा माणूस दोन्ही ऐकू यायला हवेत. घरी पुस्तक वाचणारी व्यक्ती वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणते, आणि मराठीत क्रियापद शेवटी असतं. गेला की नाही गेला, केलं की करणार होता, ते नेमकं गाडीच्या खडखडाटात बुडतं. एफएफएमपेगमध्ये लाउडनॉर्म नावाचा फिल्टर आहे. प्रसारणासाठीच्या ईबीयू आर १२८ या मानकावर तो चालतो. मी पातळी उणे १६ एलयूएफएस (हे आवाजाच्या जोराचं माप) ठेवते आणि आवाजाच्या चढउताराची मर्यादा कमी करते. यानंतर शीव आणि माटुंग्याच्या मध्येसुद्धा वाक्याचा शेवट ऐकू येतो. ज्यांना घरी शांतपणे ऐकायचं आहे त्यांनी एवढं सपाट करू नये, वाचणाऱ्याचा भाव त्यात थोडा मरतो.

एमफोरबी नावाचा एक प्रकार आहे, त्यात सगळं पुस्तक एका फाइलमध्ये राहूनही आत प्रकरणांच्या खुणा बसतात. सुरुवात, शेवट आणि शीर्षक साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून एफएफएमपेगला दिलं की झालं. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये मी तो वापरते. पण प्रत्येक प्लेअर त्या खुणा दाखवत नाही, म्हणून दुसऱ्याला देताना सुट्या फाइलीच देते.

हे कायद्यात बसतं का, असं कुणी ना कुणी विचारतंच. बसतं. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आली की अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक सुलभ स्वरूपात करता येतं आणि तिच्या वैयक्तिक वापरासाठी तिला देता येतं, नफा न घेता. अंधांना सुलभ स्वरूपात पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश, तेही २०१४ मध्ये. मी कुणाकडून पैसे घेत नाही आणि या फाइली कुठे चढवत नाही.

सरांना गेल्या खेपेला इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ करून दिला. तळटीपा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या, म्हणजे नको असेल तेव्हा ओलांडता येतील. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. प्रकरण नऊमधला एक उतारा त्यांनी तीनदा ऐकला होता आणि लेखकाचा एक निष्कर्ष त्यांना अजिबात पटला नव्हता. अर्धा तास ते त्यावरच बोलत होते. काकू मागून जेवायला बोलावत होत्या. फाइल, फोन, टॉकबॅक, यातला एक शब्दही त्या बोलण्यात आला नाही, आणि मला त्याचाच फार आनंद झाला.

जे लोक आमच्यासाठी पुस्तकं वाचतात, घरी मोबाइलवर किंवा स्टुडिओत बसून, त्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक प्रकरणाची नवी फाइल सुरू करा. सुरुवातीला क्रमांक आणि शीर्षक मोठ्यानं सांगा, मग दोन सेकंद थांबा. पान बदललं की पानाचा क्रमांक म्हणा, विद्यार्थ्यांना तो लागतो. तक्ता किंवा चित्र आलं तर "इथे तक्ता आहे" म्हणून पुढे जाऊ नका, त्यात काय आहे ते वाचा. वाक्याचं शेवटचं क्रियापद पूर्ण आवाजात म्हणा. आणि फाइल पाठवताना नावात क्रमांक आधी टाका, दोन आकडी.