धाब्यावरची मिरची

आज मिरचीचं आठवं ऊन. शेतातली ४० किलो ओली लाल मिरची, नंदुरबारच्या पथारीसारखी (तिथलं मिरची वाळवायचं मोकळं मैदान) आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर पसरलेली. बघून डोळ्यांचं पारणं फिटतं! वाळून जेमतेम १० किलो भरेल. माय म्हणे, ‘देठ आत्ताच खुडू नको. बिया खुळखुळल्या की मगच डब्यात.’ एक जरी ओलसर राहिली तरी अख्खा डबा बुरसतो, म्हणून दुपारभर एकेक कानाशी हलवून बघितली. निम्म्या अजून मुक्याच आहेत.

हिरव्या चिरून मीठ-लिंबात घातल्या, तेव्हापासून बोटं पेटलीत. पाण्याने आग हटेना. खोबरेल चोळलं तेव्हा कुठे बरं वाटलं. दव पडायच्या आत सगळी ताडपत्रीखाली झाकली. मिरचीच्या डब्यात टाकायला मायने हिंगाचे खडे काढून ठेवलेत.