तुम्ही विचारलंत म्हणून: तयारी म्हणजे नेमके काय?

हवामानबदलावर बोलून झाले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. हे संकट आता पुरते टळणार नसेल, तर समाजाने तयारी करायची म्हणजे नेमके काय करायचे? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा समुद्राला घातलेले बांध, उपग्रह आणि मोठाले निधी असतात. त्यांची गरज मी नाकारत नाही. परंतु माझे उत्तर दरवेळी गुरांपासून सुरू होते.

१९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे गेली, असे मानले जाते. पुढे तेथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, काही निवारेही बांधले गेले. तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार बळी गेले. इशारा कानावर येऊनही कित्येक कुटुंबे घरातच का थांबली, याची कारणे अगदी साधी होती: गाय कोणाच्या भरवशावर सोडायची, मागे घर लुटले गेले तर काय, आणि परक्या पुरुषांच्या गर्दीत बायकांनी रात्र कशी काढायची. नंतर निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, गुरांसाठी मातीची उंच टेकाडे उभारली गेली आणि झेंडे व भोंगे घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकांत स्त्रियांची संख्या वाढली. २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे दगावली. हा आकडाही लहान नव्हे, पण वादळही लहान नव्हते.

याउलट जर्मनीतील आर नदीचे खोरे पाहा. तेथे पैशाची वा यंत्रणेची वानवा नव्हती, आणि जुलै २०२१ मध्ये युरोपीय पूर-इशारा यंत्रणेने काही दिवस आधीच धोका कळवला होता. १४ तारखेच्या संध्याकाळी वरच्या अंगाच्या गावांत पाणी शिरले. मुखाजवळच्या झिन्त्सिग गावी ते पोहोचले मध्यरात्र उलटल्यावर. मधे इतके तास असूनही तेथील अपंगांच्या निवासगृहात तळमजल्यावरचे १२ रहिवासी बुडाले. त्या रात्री कामावर एकच कर्मचारी होता. त्या बाराजणांना फक्त वरच्या मजल्यावर न्यायचे होते.

उष्णतेच्या लाटेत तर वाहून जाताना दिसणारेही काही नसते. १९९५ च्या जुलैत शिकागोत अशा लाटेने सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते, आणि त्यांतील काहींनी चोरांच्या भीतीने खिडक्याही लावून घेतल्या होत्या.

म्हणून मी विचारणाऱ्यालाच उलट विचारतो, की तुमच्या इमारतीत जिना चढू न शकणारी माणसे किती, एकटी राहणारी किती, आणि रात्री दोन वाजता त्यांचे दार ठोठावण्याचे काम कोणाकडे सोपवलेले आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लोक अंदाजाने देतात. तिसऱ्याला बहुतेक जण ‘प्रशासन’ म्हणतात.