उत्रेख्तचा कापडबाजार सायकलने: पावसाआधी वारा पाहावा

नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलवीनहून उत्रेख्तचा कापडबाजार सायकलने गाठायला अडीच तास पुरतात, असे नवऱ्याच्या कार्यालयातील एका डच सहकाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते आणि वर ‘रस्ता अगदी सपाट आहे’ अशी पुस्तीही जोडली होती. आम्हाला साडेतीन तास लागले. रस्ता सपाट आहे हे खरेच. पण सिंहगडाच्या वाटेवर दम काढलेल्या आम्हा दोघांना त्या सपाटपणाचे जे अप्रूप वाटले त्यानेच घात केला, कारण गडाचा चढ देवटाक्यापाशी तरी संपतो आणि समोरचा वारा मात्र शहराच्या वेशीपर्यंत सोबत येतो.

आमच्या घरी शनिवारचा तह असा आहे की सायकल कुठे न्यायची ते नवऱ्याने ठरवावे, मात्र वाटेत किंवा शेवटी कापड मिळाले पाहिजे. पुण्याहून आणलेले माझे शिवणयंत्र येथे बिनतक्रार चालते (वीज दोन्हीकडे २३० व्होल्टच असल्यामुळे फक्त प्लगची पिन बदलावी लागते), त्यामुळे कापडाची भूक कायम असते. उत्रेख्तच्या ब्रेडस्त्राट या रस्त्यावर दर शनिवारी भरणारा लाप्येसमार्क्ट, म्हणजे शब्दशः ‘तुकड्यांचा बाजार’, १५९७ पासूनचा असल्याचे तेथे अभिमानाने सांगतात. तो दुपारी १ वाजता उठतो. ही गोष्ट मला ब्रोकेलेनच्या पुढे, पावणेबारा वाजता, थांबून फोन पाहिल्यावर कळली.

आता वाटेतल्या कालव्याविषयी. आबकाउडे गाव मागे पडल्यावर आम्ही जवळची म्हणून ॲमस्टरडॅम–ऱ्हाइन कालव्याच्या काठची वाट धरली, आणि तीच चूक झाली. १९५२ साली वाहतुकीस खुला झालेला हा कालवा मालवाहू बोटींसाठी खणलेला आहे, सायकलस्वाराच्या सुखासाठी नव्हे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लोहमार्ग आणि महामार्ग, वाट पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि आडोशाला म्हणावे असे झाड नाही. मी सकाळी केवळ पावसाचा नकाशा पाहिला होता आणि तो कोरडा होता म्हणून खूश होते. वारा दक्षिणेचा आणि बोफर्ट मापावर (वाऱ्याच्या जोराच्या मोजपट्टीवर) ५ क्रमांकाचा, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटरचा आहे, हे पाहिलेच नव्हते. आमचा वेग ताशी ११ वर आला. दर दहा मिनिटांनी एकाने पुढे राहायचे आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीशी दडायचे असे ठरवले. माझी दडण्याची पाळी असताना मला सारा वेळ दिसत होते ते नवऱ्याच्या अंगातले, गेल्या हिवाळ्यात मीच शिवलेले जाकीट. त्याच्या घेरात मी नाडी घातली नव्हती, केवळ दोन बोटे दुमडून टीप मारली होती. वारा खालून आत शिरत होता आणि पाठीवर मडक्याएवढा फुगा धरत होता. एक कोळसा वाहणारी बोट आम्हाला मागे टाकून गेली तेव्हा तिच्या टपावर वाळत घातलेले कपडे पाहून नवरा म्हणाला, “अगं, त्यांनासुद्धा चिमटे लावलेत.” मी उत्तर दिले नाही.

ही वाट कोणीही घेऊ नये. आबकाउडेपासून फेख्त नदीकाठाने लूनन, ब्रोकेलेन, मार्सन असे जावे. अंतर थोडे वाढते, पण झाडे आणि जुने बंगले वारा अडवतात. परतताना आम्ही या नदीकाठच्या वाटेने आलो आणि ती चांगली होती, याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

बाजारात पोचलो तेव्हा १२ वाजून २० मिनिटे झाली होती आणि अर्धे विक्रेते थाने गुंडाळत होते. घाईत कापड घेऊ नये हे मला कळते, तरीही मी एका ठेल्यावरून निळ्या फुलांच्या सुती पॉपलिनचा ‘३ मीटर’ अशी चिठ्ठी लावलेला घडी घातलेला तुकडा उचलला. अशा कापून ठेवलेल्या तुकड्यांना येथे ‘कूपोन’ म्हणतात आणि ते अखंड थानापेक्षा स्वस्त पडतात. घरी मोजल्यावर तो २ मीटर ६० सेंटिमीटर भरला. येथे पन्हा १४० ते १५० सेंटिमीटरचा असल्यामुळे कुर्त्याचा पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी बसतो आणि सव्वा मीटरच्या वर बाह्यांपुरतेच कापड लागते. तरीही सलवार निघण्याचा प्रश्नच उरला नाही, भिजवल्यावर आटेल ते वेगळेच. म्हणून मापाची टेप खिशात असावी, घडी विक्रेत्यासमोर उलगडावी, आणि तो तोंड वाकडे करील ते करू द्यावे. थानावरून कापून घेतलेल्या कापडात मला आजवर कोणी फसवलेले नाही. भारतातल्या अरुंद पन्ह्याच्या हिशेबाने मात्र मापे सांगू नयेत, नाहीतर कपाट तुकड्यांनी भरते आणि शेवटी गोधडी शिवावी लागते.

त्याच बाजारात एका चकाकत्या फुलाफुलांच्या सुती कापडावर ‘सिट्स’ अशी पाटी होती. डच ईस्ट इंडिया कंपनीने कोरोमंडल किनाऱ्यावरून जे छापील आणि रंगवलेले कापड येथे आणले, त्याच्याबरोबर आलेला हा शब्द म्हणजे आपले ‘चीट’च होय. आजीच्या चिटाच्या परकराला येथे असे चुलत नाव मिळालेले पाहून पायांचा ठणका पाच मिनिटे विसरले. दोन मीटर घेतले, तेही थानावरून.

उत्रेख्तच्या डोम चर्चचा मनोरा ११२ मीटर उंच आहे आणि त्याला ४६५ पायऱ्या आहेत. त्या दिवशी आम्ही तो खालूनच पाहिला. १६७४ च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला आणि मनोरा एकटा उरला, हे वाचून त्या सकाळी मला अजिबात आश्चर्य वाटले नाही.

परतीचे मात्र दोन तासही लागले नाहीत. तोच वारा पाठीशी होता, पिशव्यांत साडेचार किलो कापड होते (पॉपलिन हलके असते, पण नवऱ्याच्या पँटींसाठी घेतलेले डेनिम नव्हे), आणि तरी पाय नुसते फिरवायचे एवढेच काम होते. त्या आनंदात सांगते, पण ठामपणे सांगते: वारा दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा असेल, आणि येथे तो बहुतेकदा असतोच, तर सकाळी सायकलसह आगगाडीने उत्रेख्तला जावे आणि सायकलने परतावे. शनिवारी गर्दीच्या वेळेचे बंधन नसते; सायकलचे दिवसाचे तिकीट वेगळे काढावे लागते, घडीची सायकल फुकट जाते. स्टेशनाखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे, तेथे पहिले २४ तास पैसे पडत नाहीत आणि बाजार चालत जाण्याजोगा आहे. ९ वाजता पोचावे. सहकाऱ्याचे अडीच तास त्याच्यापाशीच राहू द्यावेत.

जाकिटाच्या घेराची टीप रविवारी उसवली आणि आत नाडी ओवली. निळ्या पॉपलिनचा कुर्ता बेतून झाला आहे; उरलेल्या कापडात फार तर एक उशीचा अभ्रा बसेल.